गिलाव्यावरची काच

आमच्या कार्यालयात साहेब तीन होते, पण जुन्या भागातले लोक घाबरायचे ते एका गवंड्याला. साहेब आले की बायका दाराआडून बघत आणि आपल्या कामाला लागत. गवंडी आला की मात्र चहाचं आधण चढे, खुर्ची पुसली जाई आणि घरातलं सगळ्यात गोड बोलणारं माणूस पुढे केलं जाई. त्याला सगळे काचमामा म्हणत. अंगाने काटकुळा, कानावर पेन्सिल, खांद्याला खाकी पिशवी. त्या पिशवीत छिन्नी, हातोडी, थोडं सिमेंट आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या काचेच्या पातळ पट्ट्या.

त्या पट्ट्यांचीच सगळी भीती होती. जुन्या भागातली घरं शंभर-सव्वाशे वर्षांची. त्यातली कुठली दुरुस्त करून ठेवायची आणि कुठली पाडायची हे ठरवायला आमचं कार्यालय उघडलेलं. भिंतीला तडा गेलेला असला की प्रश्न एकच असतो: हा तडा जुना, थांबलेला आहे की अजून वाढतोय? ते कळायला तड्यावर आडवी काचपट्टी ठेवतात आणि तिची दोन्ही टोकं सिमेंटने पक्की करतात. भिंत हलली की काच तुटते. वर्षभर शाबूत राहिली तर घर दुरुस्तीच्या यादीत, तुटली तर पाडायच्या.

मी तिथे नकाशे काढायला होते. दर महिन्याला मामांबरोबर घरोघर फिरायचं, तडा नकाशावर मांडायचा आणि तक्ता भरायचा हे माझं काम. ते मला नकाशेबाई म्हणत. सात वर्षं आम्ही असे फिरलो. लोक म्हणत, यम आला आणि चित्रगुप्ताला घेऊन आला. मी हसायची. मामांना ते कधी आवडलं नाही.

त्यांना फसवायचे प्रयत्न रोजचेच होते. ज्यांना घर पाडून नवा फ्लॅट हवा होता ते काचेवर हळूच हातोडी घालत. ज्यांना घर टिकवायचं होतं ते तुटलेली काढून नवी बसवत. मामांना दोन्ही लगेच कळे. हाताने फोडलेली काच चांदणीसारखी फुटते, भिंतीने तोडलेली सरळ जाते. आणि ओल्या सिमेंटवर ते खिळ्याने तारीख कोरत, तिच्यातला त्यांचा चारचा आकडा कुणालाही जमत नसे. एकदा एका जावईबापूंनी अगदी हुबेहूब नक्कल केली होती. मामा चहा पिता पिता म्हणाले, "चार छान काढलाय. आता तुमचा काढून दाखवा."

त्यांचा नियम एकच होता. काच विटेवर बसली पाहिजे, गिलाव्यावर नाही. आधी छिन्नीने गिलावा खरवडायचा, वीट उघडी करायची, मग काच. "गिलावा म्हणजे अंगरखा," ते म्हणत. "अंगरखा फाटला म्हणून माणूस मेला असं होत नाही." तक्त्यात तसा रकानाच होता: गिलावा काढला का? मी तिथे 'होय' लिहायची. सात वर्षांत दुसरं काही लिहायची वेळच आली नव्हती.

जुनी घरं वाचवा म्हणून सभा घेणारे बहुतेक नव्या घरात राहत, हेही सांगून टाकते. आणि पाडा म्हणणाऱ्यांना मी नावं ठेवणार नाही. पाणी खालून वर न्यायचं, संडास अंगणापलीकडे, पावसात चार ठिकाणी बादल्या. पण काही माणसं अशी होती की घर गेलं तर त्यांचं पोट गेलं असतं. मामांची ताई त्यातली.

ती मामांपेक्षा सहा वर्षांनी मोठी. आई लवकर गेली, तेव्हापासून तिनेच त्यांना वाढवलं. गल्लीच्या वळणावर तिचं दोन खोल्यांचं घर, एक खाली, एक वर. वरच्या खोलीला माणूसभर उंचीची खिडकी आणि खिडकीखाली शिवणयंत्र. सकाळपासून दिवेलागणीपर्यंत तिथे उजेडाला तोटा नसे. शाळेचे गणवेश, पडदे, उसवलेलं, फाटलेलं, सगळं तिच्याकडे येई. तिचे यजमान आयुष्यभर छापखान्यात राबून दम्याने खाटेला खिळलेले. खाट यंत्राशेजारीच. ती शिवायची, ते दोरे ओवून द्यायचे. भिंतीला फिका निळा रंग, तो तिने स्वतः दिलेला.

त्या निळ्या भिंतीला खिडकीपासून छतापर्यंत तडा गेला, तेव्हा काच लावायला आम्ही दोघंच गेलो. मामांनी छिन्नी लावून पहिला घाव घातला. धूळ उडाली आणि भाऊजींना जी उबळ आली ती थांबेचना. डोळे पांढरे झाले, ओठ काळेनिळे पडले.

"अरे, बास कर!" ताई ओरडली. "ह्यांचा जीव घेतोस का आता?"

मामांनी छिन्नी खाली ठेवली. बोटांनी गिलावा वाजवून बघितला. ठणठणीत वाजला.

"पक्का आहे," ते म्हणाले. "राहू दे. पुढच्या खेपेला भाऊजींना खाली बसवू आणि मग काढू."

त्यांनी गिलाव्यावरच काच बसवली, तारीख कोरली. मी खिडकीत उभी राहून तक्ता भरत होते. गिलावा काढला का? होय. हात आपोआप चालला. मी ते मुद्दाम लिहिलं नाही, पण लिहिलं मीच.

पुढच्या खेपेला भाऊजींना ताप होता. त्याच्या पुढच्या खेपेला आमच्यामागे वीस घरं होती. मग ते दोघांच्याही डोक्यातून गेलं. आठ महिने काच जशीच्या तशी होती. ताई रोज फडक्याने ती पुसायची. "तुझी लेक नांदतेय बघ माझ्याकडे," म्हणायची.

नवव्या महिन्यात आम्ही जिना चढून वर गेलो तेव्हा यंत्र बंद होतं. ताई भिंतीकडे पाठ करून उभी होती. मामांनी तिला हळूच बाजूला केलं. काच मधोमध तुटलेली, सरळ. चांदणी नाही, काही नाही. तडाही बोटभर रुंदावलेला.

"कधी?" मामांनी विचारलं.

"परवा. पावसानंतर." मग ती जवळ आली. "तुझ्या पिशवीत काचा आहेत ना?"

मामांनी पिशवी खांद्यावरून पाठीमागे सारली.

"एक लाव. तारीख जुनी घाल. चार तुझाच आहे."

"ताई..."

"मी तुझ्याकडे आजवर काही मागितलंय? सांग ना. ही खिडकी गेली तर मी शिवू कुठे? ह्यांना घेऊन कुठे जाऊ?" मग माझ्याकडे वळून म्हणाली, "ही कुणाला सांगणार नाही. नाही ना गं?"

मी मान हलवली. खरंच सांगितलं नसतं.

मामांनी तुटलेल्या काचेवरून बोट फिरवलं. मग म्हणाले, "उद्या भिंत भाऊजींच्या अंगावर आली तर मी कुणाच्या तोंडाकडे बघू? काच खोटं बोलत नाही, ताई."

खाटेवरून भाऊजी म्हणाले, "त्याला त्याचं काम करू दे." ताईने पदराने तोंड पुसलं आणि यंत्रावर झाकण घातलं.

घर पाडायच्या यादीत गेलं. मोठ्या साहेबांनी चुन्याचा एक पोपडाही न तपासता सही केली. काचमामांचा शब्द होता आणि तक्त्यात 'होय' होतं, आणखी काय हवं? शिक्का मी मारला. गल्लीत मामांचं नाव झालं. सख्ख्या बहिणीलाही सोडलं नाही, असा माणूस! साहेबांनी सगळ्यांसमोर पाठ थोपटली. मामा त्या दिवशी डबा न खाता घरी गेले.

ताईला शहराच्या टोकाला पाचव्या मजल्यावर फ्लॅट मिळाला. मी सामान लावायला गेले होते. स्वच्छ होता, नळाला पाणी होतं, उगाच वाईट कशाला म्हणू? पण खिडकी उघडली की समोर हात लांबवला तर लागेल अशी दुसऱ्या इमारतीची भिंत. भरदुपारी दिवा लावून सुईत दोरा ओवायचा. आणि एवढ्या लांब शर्टाचं बटण लावून घ्यायला कोण येणार? मामांशी ती बोलायची बंद झाली. ते दर रविवारी जात, भाऊजींच्या पायाशी बसत आणि परत येत.

तिथे राहायला गेल्यापासून बेचाळिसाव्या दिवशी भाऊजी गेले.

त्यानंतर आठवड्याने तिनेच भावाला बोलावून घेतलं. हे मामांनी मला दुसऱ्या दिवशी सांगितलं, तेव्हा कित्येक महिन्यांनी त्यांचा चेहरा जरा सैल दिसला. ती म्हणाली होती, "मी तुझ्यावर राग धरला, चुकलं माझं. ती भिंत कोसळून गेले असते तर मी जन्मभर काय केलं असतं? निदान अंथरुणात गेले, माझा हात धरून. तू वेळेवर बाहेर काढलंस आम्हाला." आणि मग तिने त्यांना जेवायला वाढलं.

घर पाडायला आमच्या कार्यालयाने नेहमीप्रमाणे उशीर केला. पाच महिन्यांनी काम सुरू झालं. आम्ही त्या गल्लीत दुसऱ्या घराची काच बघायला गेलो होतो, तर पाडणाऱ्यांचा मुकादम आम्हाला बघून कमरेवर हात ठेवून उभा राहिला.

"कोणी हो हे घर मोडकं ठरवलं?" तो म्हणाला. "छप्पर उतरलं एका दिवसात. पण ही भिंत! दोन दिवसांचं काम म्हणून आलो, आज सहावा दिवस. दोन घणांचे दांडे मोडले. जुना चुना आहे हा, लोखंड झालंय त्याचं."

मामा ढिगाऱ्यावरून चढून आत गेले. मी मागोमाग. वरची खोली आता उघड्यावर होती. निळ्या गिलाव्याचा मोठा पोपडा भिंतीपासून सुटून लोंबत होता. मामांनी तो दोन्ही हातांनी ओढून काढला. तुटकी काच त्यालाच चिकटलेली. मागे विटा होत्या. एकीला एक धरून बसलेल्या, सांधे भरलेले, एकही फट नाही. मामा नखाने सांधे चाचपत तड्याच्या जागेवरून वरपर्यंत हात फिरवत गेले. वर, जिथे छपराची पन्हाळ फुटली होती, तिथून ओल उतरल्याचे डाग होते. ओलीने गिलावा फुगला, सुटला, फाटला. भिंतीला त्याचा पत्ताही नव्हता.

"नकाशेबाई," ते म्हणाले, "आपण खरवडलं नव्हतं."

मला तेव्हाच आठवलं. छिन्नी, खोकला आणि माझा 'होय'. मी विटांवरच बसले. पन्हाळ बदलायची, गिलावा नवा करायचा, आठवड्याचं काम होतं. तेवढ्यासाठी आम्ही घर पाडलं.

त्यांनी काचेभोवतीचा तेवढा तुकडा वेगळा काढला आणि टॉवेलात गुंडाळला. त्यांच्या मनात काय आहे ते मला कळलं.

"सांगू नका," मी म्हटलं. "आता सांगून कुणाचं भलं होणार आहे? ती सावरलीय. तुमच्याशी बोलतेय."

"म्हणून तर सांगायचं."

"हे काय शहाणपण!" मी चिडलेच. "तुम्हाला मोकळं व्हायचंय म्हणून तिच्या डोक्यावर टाकणार?"

ते चालत राहिले. बसथांब्यावर म्हणाले, "काच खोटं बोलली. आता मीही बोलू?"

मी त्यांच्याबरोबर गेले. एकट्याला सोडवेना.

ताई दिव्याखाली बसून उशीचा अभ्रा शिवत होती. एवढ्यात दोघं कसे, म्हणून तिला आनंदच झाला. मामांनी टॉवेल टेबलावर उलगडला. तिला काच आधी दिसलीच नाही.

"आपल्या खोलीचा रंग," ती म्हणाली आणि त्यावर हात ठेवला.

मामांनी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. पन्हाळ, ओल, गिलावा, विटा. स्वतःची चूक सांगितली, भाऊजींच्या खोकल्याचं नाव काढलं नाही. माझ्या रकान्याचंही नाही. ती ऐकत होती. यंत्राच्या चाकावर तिचा दुसरा हात तसाच होता.

"म्हणजे घर चांगलं होतं," ती म्हणाली.

"हो."

"आम्ही राहिलो असतो तर..."

"काही झालं नसतं."

ती समोरच्या भिंतीकडे बघत राहिली. खिडकीतून दुसरं काही दिसतच नव्हतं.

"शेवटच्या दिवशी ह्यांनी विचारलं होतं," ती म्हणाली. "उगाच आलो का गं आपण इथे? इथे श्वास पुरत नाही. मी म्हटलं, उगाच नाही, माझ्या भावाने बघितलंय, तो चुकत नाही. तेव्हा कुठे गप्प झाले." मग तिने मामांकडे बघितलं. आवाज चढला नाही तिचा, चढला असता तर बरं झालं असतं. "हे तू मला कशाला सांगितलंस?"

माझा 'होय' माझ्या तोंडाशी आला होता. मी तो गिळला, आणि आज पहिल्यांदा लिहितेय. मामा तसेच पुढे वाकले आणि तो तुकडा पुन्हा टॉवेलात गुंडाळू लागले. पण तिने त्यावरचा हात काढला नाही. काचेची कड तळव्यात रुतत होती, तरीही नाही.

"राहू दे," ती म्हणाली. "घराचं एवढंच उरलंय."