पाच स्वरांचा लांब शब्द

मंडळी, दुपारपासून मन थाऱ्यावर नाही, म्हणून लिहितेय.

इथे परदेशात, पुंगोलच्या एलआरटीत, म्हणजे छोट्या मेट्रोत, माझी आठ वर्षांची सई आबांनी शिकवलेला खेळ एकटीच खेळत होती. ए, ई, आय, ओ, यू ही पाचही अक्षरं असलेला लांब इंग्रजी शब्द आळीपाळीने शोधायचा आणि अर्थ सांगायचा.

“एज्युकेशन म्हणजे शिक्षण.” मग थांबून म्हणाली, “न्यूमोनिया म्हणजे पाण्याबाहेर बुडणं.”

माझे बाबा, म्हणजे तिचे आबा, गेल्या महिन्यात पुण्यात न्यूमोनियानेच गेले. तिला आम्ही फक्त ‘देवाघरी गेले’ एवढंच सांगितलंय.

“कुणी सांगितलं तुला?”

“आबांनी, लाह,” इथल्या मुलांसारखा वाक्याला ‘लाह’ जोडत ती म्हणाली. “आत्ता त्यांची टर्न होती.”

शेजारची सीट रिकामी होती.

खरं सांगू? भीती वाटलीच, पण त्याहून जास्त हेवा वाटला. माझ्याशी बाबा अजून एकदाही बोललेले नाहीत. तुमचं गेलेलं माणूस बोलतं का हो तुमच्याशी?