मधली बावीस मिनिटं

माझी आत्या डूख धरणारी बाई आहे, हे आमच्या घरात कुणी लपवत नाही. मी दुसरीत असताना तिची चांगली कात्री हरवली होती, ते ती मला अजून ऐकवते. त्यामुळे बाबांच्या पायाचं प्रकरण झालं आणि ती मूग गिळून बसली, तेव्हाच मला काहीतरी कळायला हवं होतं. कळलं नाही. मी चार महिने तिच्याशी धड बोलले नाही.

आत्या एका मोठ्या गोदामात कॅमेऱ्यांच्या खोलीत काम करते. बिनखिडकीची खोली, भिंतीवर सोळा पडदे, खुर्चीवर तिनंच शिवलेली उशी. तिथले कॅमेरे टिपलेल्या प्रत्येक चित्रावर स्वतःची डिजिटल सही करतात. नंतर कुणी त्यात हात घातला तर तपासणीत लाल फुली येते, नाहीतर हिरवी खूण. आत्याचा त्या हिरव्या खुणेवर जेवढा विश्वास आहे तेवढा कुठल्याच माणसावर नाही.

बाबा त्याच गोदामाच्या तळघरात मालाची लिफ्ट चालवायचे. आणि दोघांच्या डोक्यावर होता व्यवस्थापक. त्याच्या शर्टाला कधी चुणी पडायची नाही, म्हणून सगळे त्याला मागे ‘इस्त्री’ म्हणायचे. मीही तेच म्हणणार, त्याहून जास्त मान त्याला मिळणार नाही.

या इस्त्रीची एकच तक्रार असायची, डिस्क भरतात. “रिकाम्या पॅसेजचे फोटो कशाला जपायचे? काही हलत नसेल ते फेकून द्या.” तिथल्या तंत्रज्ञ पोरानं खरंच फेकून दिलं, तर एकमेकींत गुंफलेल्या सह्या जुळेनात, दिवसच्या दिवस लाल फुल्या. मग आत्या आठवडाभर त्याच्याशेजारी बसली आणि दोघांनी तोड काढली. चित्र हुबेहूब मागच्यासारखं असेल तर ते ठेवायचं नाही, पण कॅमेऱ्यानं वेळ घालून ‘मागच्यासारखंच’ एवढी एक ओळ लिहायची आणि त्या ओळीवर सही करायची. प्रत्येक सहीत मागची सही गुंतलेली. विणकामासारखं, एक टाका ओढला की पुढचं सगळं उसवणार. पाहायचं झालं, की त्या ओळींच्या जागी मागचंच चित्र भरून पूर्ण चित्रण परत उभं करता येतं. सगळं चित्रण डिस्कच्या चौथ्या हिश्श्यात मावायला लागलं. इस्त्रीनं वरच्या लोकांकडून पाठ थोपटून घेतली आणि ते कसं झालं याचा कागद न वाचताच सही ठोकली. वाचायची त्याला सवयच नव्हती.

लिफ्टचा ब्रेक रोज सकाळी त्यानं स्वतः तपासायचा, असा नियम होता. तिथेही तो वर बसून वहीत सही ठोकायचा. एका दुपारी बाराला ब्रेक सुटला, लिफ्ट खाली घसरली आणि बाबांचा उजवा पाय गुडघ्याखाली चिरडला. बाबा शुद्धीवर यायच्या आत खापर त्यांच्यावर फुटलं होतं. नोटिशीत लिहिलं होतं, निष्काळजीपणा, जादा माल भरला, नोकरी समाप्त. बाबांनी ती नोटीस घडी करून उशीखाली ठेवली. पाय गेल्याचं ते बोलायचे, ‘निष्काळजीपणा’ या शब्दाबद्दल कधीच नाही.

आणि आत्या रोज डबा घेऊन कामावर जात होती. “त्याच माणसाला नमस्कार घालतेस?” मी एकदा विचारलं. “घालते,” ती म्हणाली आणि भांडी घासत राहिली.

खरी गोष्ट तिनं मला बाबांच्या नोकरीबद्दलच्या सुनावणीच्या आदल्या दिवशी सांगितली. अपघाताच्या दुसऱ्या दिवशी इस्त्री तिच्या खोलीत आला होता. लिफ्टसमोरच्या कॅमेऱ्याचं चित्रण लाव म्हणाला. आठपासून बारापर्यंत माणसांची ये-जा, त्यात हा कुठेच नाही. मात्र अकरा वाजून चार मिनिटांनी चित्र एकदम अकरा सव्वीसवर उडी मारत होतं. त्या वेळात सगळे, बाबासुद्धा, वर चहाला गेलेले.

“मधलं कुठाय?”

“ते ठेवलेलं नाही, साहेब.”

का ठेवलेलं नाही, हे त्यानं विचारलं नाही आणि आत्यानं सांगितलं नाही. त्यानं खिशातलं पेन काढून दोन्ही वेळा तळहातावर लिहून घेतल्या. तेव्हाच तिनं ठरवलं, याला आता पुरता खड्ड्यात उतरू द्यायचा.

सुनावणीला तिघांची समिती होती. बाबांची चाकाची खुर्ची मी ढकलत आत नेली. इस्त्रीनं आपला लेखी जबाब वाचून दाखवला. अकरा पाच ते अकरा पंचवीस तो लिफ्टपाशी होता, ब्रेक नीट होता, निम्माच माल भरायचा अशी पाटी त्यानं स्वतः लिफ्टच्या आत लावली. “दुर्दैवानं तेवढंच चित्रण उपलब्ध नाही,” तो म्हणाला. अध्यक्षबाईंनी त्याची सही घेतली.

मग आत्याला बोलावलं.

“उपलब्ध आहे,” ती म्हणाली. तिनं ती पद्धत सांगितली, इस्त्रीचीच सही असलेला कागद पुढे सरकवला आणि पडदा लावला. प्रत्येक ओळीच्या जागी मागचं चित्र येऊन बसलं, खाली हिरवी खूण. लिफ्टचं बंद दार, ट्यूबलाइट, फरशी. एक मिनिट. दोन मिनिटं. माणूस सोडा, सावलीही नाही.

“हे तुम्ही चार महिने का नाही सांगितलं?” अध्यक्षबाईंनी विचारलं.

“आधी सांगितलं असतं तर त्यांनी दुसरी वेळ शोधली असती. त्यांची सही व्हायची होती.”

बाबांनी मान वळवून बहिणीकडे पाहिलं. चार महिने ते त्या नोटिशीवर डोकं ठेवून झोपले होते, आणि हिला पहिल्या दिवसापासून माहीत होतं.

तेराव्या मिनिटाला इस्त्रीच्या कॉलरला घाम आला. “बंद करा,” तो म्हणाला. “मी गेलो नव्हतो. पाटीही नव्हती. मी कधीच जात नव्हतो.”

अध्यक्षबाईंनी रिमोट उचलला.

“अजून नऊ मिनिटं आहेत,” आत्या म्हणाली.

“बाई, त्यांनी कबूल केलंय. आता काय गरज आहे?”

आत्या बाबांकडे पाहत होती, आणि आयुष्यात पहिल्यांदाच मला ती घाबरलेली दिसली. बाबांनी बराच वेळ तिच्याकडे पाहिलं. मग दोन्ही हातांनी चाकं फिरवून ते इस्त्रीच्या अगदी शेजारी जाऊन थांबले.

“चालू द्या,” बाबा म्हणाले. “आम्ही दोघं बघतो.”