माझ्या हाताखाली शिकलेल्या दोघी

आमच्या नात्यागोत्यात बारावीचा निकाल लागला की पेढे आधी देवापुढे जायचे आणि मार्कशीट माझ्यापुढे यायची. जालन्यात मस्तगडच्या आमच्या दोन खोल्यांत भोकरदनकडची, राजूरकडची माणसं लेकरांना घेऊन बसायची. "ताई, तुम्हीच सांगा, कोणती लाईन धरावी?" मी नवीन जालन्यात एका बियाणे कंपनीच्या लॅबमध्ये कामाला, घराण्यातली पहिली पगारदार बाई. त्यामुळे मला सगळंच कळतं असा सगळ्यांचा समज होता, आणि माझाही. चहा टाकता टाकता मी लेकरांची आयुष्यं वाटून द्यायचे. तू डी.एड.च्या नादी लागू नको, तू आयटीआय कर, तू जनावरांचा डॉक्टर हो. उलटं बोललेलं मला खपायचं नाही. एकदा एक चुलतदीर म्हणाले, "पोरीला चित्रकलेत चांगली गती आहे." मी म्हटलं, "असू द्या, दिवाळीत रांगोळी काढायला कामाला येईल." सगळे खो खो हसले. ती पोर पण हसली बिचारी. आता ते आठवलं की स्वतःच्याच थोबाडीत मारून घ्यावीशी वाटते.

माझी स्वतःची लेक बारावी झाली तेव्हा तिला नर्सिंगला जायचं होतं. सरकारी कॉलेजात नंबरही लागला होता. सासूबाईंच्या शेवटच्या आजारपणात सगळं तिनेच केलेलं. कूस बदलायची, अंग पुसायचं, औषधाच्या वेळा सांभाळायच्या, आणि एकदाही नाक मुरडलं नाही. दवाखान्यातल्या सिस्टर तिला म्हणाल्या होत्या, तुझ्या हाताला गुण आहे. मी ते एका वाक्यात उडवून लावलं. "जन्मभर लोकांचं गू-मूत काढणार का?" वर आणखी समजावून सांगितलं. माणसं खायचं सोडत नाहीत, शेतकरी पेरायचं सोडत नाही, आणि बी तपासल्याबिगर कुणाला विकता येत नाही. जालन्यात राहून बियाण्याची लाईन सोडणं म्हणजे घरात विहीर असून गावभर घागर घेऊन हिंडणं. "ही लाईन मरत न्हाई, लिहून घे माझ्याकडून." चौथ्या दिवशी बी.एस्सी. ॲग्रीचा फॉर्म भरून आली. माझी लेक ऐकणारी, तेवढंच वाईट झालं.

आमचं काम नेमकं काय ते सांगते. शेतकऱ्याच्या हाती पिशवी जाण्याआधी प्रत्येक लॉटमधलं थोडं बी आमच्या टेबलावर यायचं. खालून दिवा असलेल्या काचेवर ते पसरायचं आणि चिमट्याने एकेक दाणा बाजूला सारायचा. चांगलं बी इकडं, फुटकं तिकडं, तणाचं वेगळं, काडीकचरा वेगळा. एकाच नमुन्यावर दोघींनी वेगवेगळं बसायचं. दोघींचं जमलं नाही की तिसरीला बोलवायचं, आणि ती तिसरी म्हणजे मी. भेंडीच्या बियांत रानभेंडी मिसळली तर नव्या मुलींना वर्ष वर्ष कळत नाही. रंग जवळपास तोच, गोलाई तीच, फक्त दाणा किंचित बारका आणि अंगाने खरबरीत. मला तो काचेवर पडल्या पडल्या दिसायचा. ज्याचं नक्की सांगता येत नाही तो दाणा वाटीत टाकून ठेवायचा आणि जेवण झाल्यावर, डोळे ताजे झाले की बघायचा. घाईत ठरवायचं नाही हा माझा दंडक. आम्ही आठ जणी होतो. माझ्या तोंडाला सगळ्या भ्यायच्या, पण अडलं की वाटी घेऊन माझ्याकडेच यायच्या.

लेक तिसऱ्या वर्षाला असताना मशीन आली. फ्रिजएवढी पांढरी पेटी. दाणे थरथरत एका ओळीत कॅमेऱ्याखालून जायचे आणि शेजारच्या पडद्यावर त्यांचे फोटो उमटायचे. बसवायला आलेले दोन इंजिनियर माझ्या लेकीपेक्षा चार-पाच वर्षांनीच मोठे असतील. आमचे साहेब मला सगळ्यांसमोर म्हणाले, "मॅडम, हिला अजून काहीच येत नाही. तुमच्यासारखी नजर कुठून आणायची? तुम्हीच शिकवा." माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं. आणि शिकवायचं म्हणजे काय, तर पडद्यावर एकेक दाणा भाकरीएवढा मोठा होऊन यायचा आणि मी बटण दाबून सांगायचं. चांगलं, फुटकं, तण. सुरुवातीला ती इतकी येडपट होती की काय सांगू! खड्याला बी म्हणायची, चांगल्या दाण्यावर सावली पडली की फुटका म्हणायची. मी तिच्यावर खेकसायचे, "डोळे फुटले का गं तुझे?" ते दोघे इंजिनियर हसायचे आणि खाली मान घालून काहीतरी लिहून घ्यायचे. मी काय बोलते ते लिहून घेतात याचंही मला कौतुक.

शेवटच्या वर्षाला कॉलेजातल्या मुलांना एखाद्या कंपनीत जाऊन काम शिकावं लागतं. मी साहेबांकडे शब्द टाकला. साहेब म्हणाले, "पाठवा ना, फोटो ओळखायला माणूस हवाच आहे." झालं! दोन महिने आम्ही मायलेकी एकाच ऑटोने जायचो, एका डब्यात जेवायचो, शेजारी शेजारी बसून त्या मशीनला शिकवायचो. माझ्या जन्मातले सगळ्यात सुखाचे दिवस ते. खोटं कशाला बोलू?

पंधरा दिवसांत तिला रानभेंडी दिसायला लागली. मला दोन वर्षं लागली होती. एकदा एका दाण्यावरून आमचं बिनसलं. मी म्हटलं तण. ती म्हणाली, "न्हाई आई, भेंडीच आहे. शेंग कच्ची तोडली म्हणून बी आकसलं." मी सगळ्यांदेखत तिला झापलं. तिने तो दाणा मागच्या गॅलरीत कुंडीत लावला. महिन्याने रोपाची पानं बघून मीच कान धरले, तिचंच बराबर होतं. मी सगळ्या लॅबला बोलावून ते रोप दाखवलं. साहेबही आले. त्यांनी त्या इंजिनियरांना सांगून मशीनमधलं त्या फोटोचं उत्तर दुरुस्त करून घेतलं.

मशीन शिकल्यावर बायकांचं काय होणार, हा प्रश्न शाळेतल्या लेकराला पडला असता. मला पडला नाही असं मी पुष्कळ दिवस म्हणत आले. तसं नव्हतं. लेकीचे ते दोन महिने संपत आले होते तेव्हा साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावून सांगितलं, पुढच्या हंगामापासून एवढ्या जणी लागणार नाहीत, नवीन भरती तर बिलकुल नाही, पण तुम्ही काळजी करू नका. मी मान हलवून बाहेर आले आणि लेकीच्या शेजारी जाऊन बसले. तिला सांगितलं नाही. परीक्षा तोंडावर आहे असं स्वतःला बजावलं. खरं म्हणजे ज्या तोंडाने दुनियेला लाईन सांगायचे त्या तोंडाने 'माझं चुकलं' हे दोन शब्द म्हणवेनात.

ती पास झाली, चांगल्या मार्कांनी. त्याच हंगामात आमच्यातल्या सहा जणींना घरी बसवलं. त्यातल्या एकीने जाताना माझ्याकडे असं पाहिलं की मी चष्मा पुसायला लागले. एक बाई नमुने आणून ठेवायला राहिली, आणि मी राहिले. मशीनला एखाद्या दाण्याची शंका आली की तो फोटो माझ्या पडद्यावर येतो आणि मी ठरवते. आधी दिवसाला ढीगभर यायचे. आता दुपारपर्यंत संपतात, कारण मी ठरवलेला प्रत्येक दाणा ती ध्यानात ठेवते. हरामखोर विसरत म्हणून नाही.

लेकीने वर्षभर जोडे झिजवले. एका कंपनीत म्हणाले, काम गावोगाव फिरायचं आहे, मुलगी नको. दुसरीकडे तिचं सर्टिफिकेट वाचून तिथले साहेब एकदम खूश झाले. "अरे वा, तुम्ही ह्या मशीनला शिकवलंय? आमच्याकडे पण हीच आली. सगळं येतं तिला, आम्हाला काहीच शिकवावं लागलं नाही." तिला चहा पाजला आणि पाठवून दिलं. घरी येऊन तिने हे सांगितलं तेव्हा ती रडली असती तर बरं झालं असतं. तिने नुसती ओढणी काढून घडी करून ठेवली.

आमचे हे म्हणतात, स्पर्धा परीक्षा दे. शेजारीण म्हणते, कॉम्प्युटर कर. कॉम्प्युटर केलेली माझी भाची पुण्याहून सामान घेऊन परत आली, तिचं कामही म्हणे आता मशीन करून राह्यली. मंग लेकरांनी शिकावं तरी काय? कुणीतरी छातीवर हात ठेवून सांगा ना! मीच एकदा लेकीला भीत भीत म्हटलं, "अजून नर्सिंगला जा." ती म्हणाली, "परत चार वर्षं? आणि आई, आता कशात जीव ओतायची हिंमतच होत न्हाई." बावीस वर्षांची पोर हे बोलते. या वर्षी निकालानंतर राजूरचे एक पाहुणे मुलीला घेऊन आले तर मी आतल्या खोलीतून बाहेरच आले नाही. ह्यांनी सांगितलं, तिचं डोकं दुखून राह्यलंय. पाहुण्यांनी अर्धा तास वाट पाहिली. त्यांची मुलगी कोणती लाईन धरणार ते मी अजून विचारलेलं नाही.

शेवटी लाज गुंडाळून साहेबांपुढे उभी राहिले. म्हटलं, माझ्या जागी लेकीला घ्या, मी उद्यापासून घरी बसते. साहेब माणूस म्हणून चांगले आहेत. त्यांनी मला आधी खुर्चीवर बसवलं. "मॅडम, ही जागा तुम्ही आहात म्हणून आहे. तुमच्यानंतर ती भरायची नाहीये." मी थँक्यू म्हणून बाहेर आले. थँक्यू कशाचं म्हटलं, देव जाणे.

मंग माझं डोकं फिरलं. दुसऱ्या दिवशी पडद्यावर पहिलाच फोटो आला, सरळ सरळ रानभेंडी. मी बटण दाबलं, चांगलं बी. दुसरा फोटो, चांगला दाणा. मी दाबलं, तण. ठरवलंच, हिला आज येडी करून सोडते. ती चुकायला लागली की बोंबाबोंब होईल, मंग माणसं आठवतील सगळ्यांना. दुपारी त्या दोघांतल्या एका इंजिनियरचा फोन आला. आवाज अगदी मायेचा. "मॅडम, तब्येत बरी आहे ना? आजची तुमची उत्तरं तुमच्याच जुन्या उत्तरांशी जुळत नाहीत. आम्ही ती बाजूला काढून ठेवलीत. एकदा चष्म्याचा नंबर तपासून घ्या." माझ्या चुका पकडायला त्यांना दुसरं कुणी लागलं नाही.

संध्याकाळी घरी आले तेव्हा लेक परातीत कणीक घेऊन बसली होती. मी तिला सगळं सांगून टाकलं. वाटलं होतं, हसेल, निदान बरं केलंस म्हणेल. तिने विचारलं, "कोणता लॉट होता?" मी सांगितलं. "सगळी उत्तरं बाजूला काढली का? एखादं राह्यलं असलं तर?"

"राह्यलं तर राह्यलं! जळो ती कंपनी!"

"कंपनी कशाला जळंल? कुणाच्या तरी वावरात जाईल ते. उद्या गेल्या गेल्या तो नमुना मागून घे आणि हाताने बघ."

अशी तपासनीस माझ्या चोवीस वर्षांच्या नोकरीत मी पाहिली नाही, आणि ती माझ्यासमोर कणीक मळत होती. मला राहवलंच नाही. मी भडाभडा बोलून टाकलं, की मला माहीत होतं, ती माझ्या शेजारी बसून फोटो ओळखत होती तेव्हाच साहेबांनी सांगितलं होतं, भरती होणार नाही म्हणून, आणि मी तोंड दाबून बसले. माझं चुकलं गं, नर्सिंगपासून सगळंच चुकलं.

ती कणकेत पाणी घालत म्हणाली, "मला पण माहीत होतं."

"काय?"

"त्या इंजिनियरनं पहिल्याच आठवड्यात सांगितल्तं. म्हणाला, तुम्ही दुसरीकडं बघा, हे शिकून झालं की इथं कुणी लागणार न्हाई."

"मंग बोलली का न्हाईस?"

"काय बोलू? तू ऑटोवाल्यापासून सगळ्यांना सांगत होतीस, माझी लेक आता माझ्याच शेजारी बसणार. तुला एवढं खूश मी कधी पाहिलंच नव्हतं, आई."

मंग तिने विचारलं, पोळ्या किती करू. मी म्हटलं, दोन जास्तीच्या कर, उद्या डबा घेऊन लवकर जायचंय, तो नमुना हाताने बघायला.