इंजिन म्हणतं, उणे चाळीस

गल्लीत कुणाची बेल वाजेनाशी झाली, की बेल विकणाऱ्याच्या आधी मीटरबाईंना हाक जाते. त्या येतात. गळ्यात दोरीने अडकवलेल्या पिवळ्या मीटरची दोन टोकं दोन ठिकाणी टेकवतात, आकडा बघतात, आणि घरच्या माणसाकडे अशा नजरेने पाहतात, की बेल त्यानेच मुद्दाम बिघडवली असावी. निम्म्या वेळा ते खरंही निघतं.

त्यांचं पाळण्यातलं नाव कुणाला आठवत नाही. नवऱ्यालाही जरा डोकं खाजवावं लागेल, अशी चेष्टा चालते. वय पंचेचाळीस, आवाज खणखणीत, आणि स्वतःच्या चुकण्याबद्दल मत असं, की ते सहसा होत नाही. लहानपण वडिलांच्या रेडिओदुरुस्तीच्या दुकानात गेलं. ज्या वयात पोरी बाहुलीचे केस विंचरतात, त्या वयात ही वायरींची टोकं सोलत होती. वडिलांची शिकवण एकच: पार्टवर आरोप करायचा तर पुरावा पाहिजे. पुराव्याशिवाय पार्ट बदलणारा माणूस त्यांच्या लेखी दुरुस्तीवाला नव्हताच, गिऱ्हाईक होता.

लग्न झालं ते मिस्त्रीशी. मिस्त्री इंजिनाचा माणूस. अख्खं इंजिन सोडवून पुन्हा बांधेल आणि वर एक नट उरणार नाही. पण चार रंगांच्या वायरी एकत्र दिसल्या, की त्याला दरदरून घाम फुटतो. घरामागच्या शेडची उजवी बाजू त्याची, डावी हिची. मधोमध शिवणयंत्र मांडून सासूबाई बसतात आणि गाड्यांच्या सीटची कव्हरं शिवतात. नवराबायकोची हद्द त्याच सांभाळतात, असं गल्लीचं मत आहे.

सासूबाईंची स्वतःची गाडी आहे. एकेचाळिसाव्या वर्षी त्या गाडी शिकल्या, आणि त्यानंतरच्या तीस वर्षांत त्यांनी कुणाला 'मला सोडतोस का रे' असं विचारलेलं नाही. दवाखाना, बाजार, नदीपलीकडची मैत्रीण, सगळीकडे स्वारी स्वतःच्या चाकांवर. यंदा त्या गाडीच्या इंजिनाने मान टाकली. मिस्त्री म्हणाला, "आई, झालं हिचं. भंगारात देऊ." सासूबाई दोन दिवस एक शब्द बोलल्या नाहीत. त्या गप्प बसल्या म्हणजे काय झालं, हे ज्याने त्यांना बोलताना ऐकलंय त्यालाच कळेल.

तिसऱ्या दिवशी मीटरबाईंनी जाहीर केलं, "दुसरं इंजिन बसवू. कॉम्प्युटरवालं. वायरिंगचं माझ्याकडे लागलं."

"होईल का गं?"

"आई, मी म्हणतेय ना."

झालं. एका ठोकलेल्या गाडीतून इंजिन आलं, मिस्त्रीने ते बसवलं, मीटरबाईंनी सत्त्याऐंशी वायरी जोडल्या. रविवारी चावी फिरवली, आणि इंजिन असं गोड चाललं, की मिस्त्रीने कपाळाचा घाम पुसायच्या निमित्ताने डोळेही पुसून घेतले.

आता इंजिन बदललं म्हणजे सरकारी तपासणी आली. तीनदा संधी. तिन्ही वेळा धूर जास्त निघाला, तर गाडीचा परवाना रद्द, आणि गाडी सरळ भंगाराच्या आवारात. मंगळवारी पहिली तपासणी झाली. धुराड्यातून असा काळा लोट निघाला, की तपासनीस खोकत खोकत नापासाचा शिक्का शोधू लागला. शुक्रवारी दुसरी, तीच तऱ्हा. उरली तिसरी: बुधवारी दुपारी चार वाजता.

आणि मधल्या दिवसांत मीटरबाईंच्या हातून एक गोष्ट घडली, जी त्या आजही कबूल करताना आवाज खाली आणतात. कोपऱ्यावरच्या पार्टवाल्याच्या बोलण्यात येऊन मिस्त्रीने धुराड्यातला नवा सेन्सर आणला, आणि त्यांनी पुराव्याशिवाय तो बसवू दिला. काहीही फरक पडला नाही. वडील असते तर त्यांनी लेकीला गिऱ्हाइकांच्या बाकावर बसवलं असतं.

बुधवारी सकाळी पार्टवाला पुन्हा हजर.

"वहिनी, स्पष्ट बोलतो, राग मानू नका. कॉम्प्युटर गेलाय. माझ्याकडे एक आहे."

"कशावरून गेलाय?"

"अनुभव."

"अनुभव मीटरवर किती दिसतो?"

पार्टवाला मिस्त्रीकडे वळला. "दादा, तुम्ही तरी सांगा."

मिस्त्री एका पान्याकडे फार लक्ष देऊन बघू लागला. मीटरबाई डॅशबोर्डाखाली आडव्या होत्या. बाहेर फक्त पाय. गाडीचा कॉम्प्युटर ज्या सॉकेटमधून बोलतो, ते सॉकेट ठोकलेल्या गाडीबरोबरच गेलं होतं. त्यामुळे इतके दिवस सगळा कारभार मुक्या रोग्यासारखा, कुठे दुखतंय ते अंदाजाने ओळखायचं. आता त्यांनी नवं सॉकेट जोडलं, स्कॅनर लावला, आणि अकराच्या सुमाराला आतून असं काही हसू फुटलं, की पार्टवाला दोन पावलं मागे सरला.

"अहो, इकडे या. हात ठेवा इंजिनावर."

मिस्त्रीने हात ठेवला आणि झटक्यात काढला. "भाजलं की!"

"आणि हा कॉम्प्युटर म्हणतोय, इंजिन उणे चाळीस अंशांवर आहे. हुडहुडी भरलीय त्याला! म्हणून सोडतोय पेट्रोलवर पेट्रोल, गारठलेल्या इंजिनाला सोडावं तसं. धूर नाही निघणार तर काय अत्तर निघणार?"

"म्हणजे पाण्याचा सेन्सर गेला," पार्टवाला उत्साहाने म्हणाला. "तोही आहे माझ्याकडे."

"तुमच्याकडे सगळंच आहे हो. पुरावा तेवढा नाही."

आता त्या खऱ्या रंगात आल्या. इंजिनाच्या पाण्याची उष्णता सांगणारा सेन्सर, दोन वायरींचा, अंगठ्याएवढा. तो काढून मीटरला लावला, आधी कपातल्या गार पाण्यात बुडवून, मग किटलीतल्या उकळत्या. आकडे पुस्तकात छापल्यासारखे चोख. म्हणजे सेन्सर निर्दोष. शेडमध्ये कोर्ट भरल्याचा थाट होता.

"मग वायर तुटली असेल," मिस्त्री म्हणाला.

"तेही बघू. सेन्सर काढला, आता तो ज्या कपलरमध्ये खोचतात, त्याची दोन्ही टोकं या तारेने जोडते. वायर धड असेल, तर कॉम्प्युटरला उलट वाटेल, की इंजिन उकळतंय. अहो, स्कॅनर बघा. आई, तुम्ही नुसत्या बसून राहा, कशाला हात लावू नका."

सासूबाई सकाळपासून ड्रायव्हरच्या सीटवर बसून होत्या. गाडी न्यायचीच असेल तर माझ्या अंगावरून न्या, अशा बेताने. मीटरबाईंनी चावी फिरवायला लावली आणि तार टेकवली.

"एकशे चाळीस!" मिस्त्री ओरडला.

आणि त्याच क्षणी गाडीच्या आतून, "अगं बाई! काटा लालमध्ये गेला!"

मीटरबाईंचा हात तसाच राहिला. "कुठला काटा, आई?"

आत सासूबाई सीटच्या कव्हराची सुरकुती सारखी करू लागल्या.

"आई, टेंपरेचरचा जुना काटा तर मी जोडलेलाच नाही. त्याला या इंजिनात सेन्सर नाही. तो मेलेला आहे. मेलेला काटा लालमध्ये कसा जाईल?"

"मला काय ठाऊक?" सासूबाई खिडकीबाहेर बघत म्हणाल्या. "तुझं तू बघ. मीटरवाली तू."

मीटरबाईंनी बघितलंच. ज्या रिकाम्या कपलरमध्ये पाच व्होल्ट दिसायला हवे, तिथे अकरा. कुणीतरी बाहेरून वीज सोडत होतं. त्या पुन्हा डॅशबोर्डाखाली गेल्या, या वेळी टॉर्च दातात धरून, आणि वायरींच्या जुडग्यावरून बोट फिरवत चालल्या. दिसेना काही. टेप त्यांचाच, गाठी त्यांच्याच. आणि मग बोटाला जाणवलं ते डोळ्यांना दिसलं नव्हतं: एका जागी टेपच्या कडेला काळ्या दोऱ्याची तुरपाई. इतकी बारीक, इतकी सारखी, की नव्या कोटाच्या अस्तराला शोभावी. त्यांनी टाका उसवला. आत सेन्सरच्या वायरीचा चिमूटभर भाग सोललेला, त्यावर दुसरी वायर गुंडाळलेली, आणि ती थेट जुन्या काट्याकडे गेलेली.

या गल्लीत असा टाका एकच हात घालतो.

"आई," डॅशबोर्डाखालूनच आवाज आला, "रविवारी गाडी धड चालत होती. मंगळवारी धूर. मी सगळ्यांना विचारलं होतं, मधे काय बदललं. तुम्ही काय म्हणालात?"

"म्हटलं, सीटची कव्हरं घातली."

"आणि?"

"आणि काय? कव्हरं घालता घालता हात लागला थोडा."

"हात लागला, वायर सोलली गेली, गुंडाळली गेली आणि वर तुरपाईही झाली!"

पार्टवाला खुसखुसला. सासूबाईंनी त्याच्याकडे असं पाहिलं, की त्याला दुकानात काम आठवलं आणि तो गेला.

मग मात्र त्या उसळल्या. "तीस वर्षं तो काटा बघून गाडी चालवलीय मी! तुला आठदा सांगितलं, काटा जोड. आठदा म्हणालीस, नंतर बघू. तूच ना वायर कशी सोलायची ते शिकवलंस, हौसेने? ही वायर पाण्याच्या सेन्सरकडे जाते, हेही तूच बोललीस ह्याला. मी जोडली. हलला काटा! मला वाटलं, चला, सुनेला त्रास नको." आवाज एकदम बारीक झाला. "मग धूर निघाला तेव्हा सांगायची हिंमत झाली नाही. म्हटलं, माझ्याच हाताने माझी गाडी गेली."

मीटरबाई बाहेर आल्या. केसांत टेपचा तुकडा, गालावर काळं. तोंडाशी चांगली तीन वाक्यं तयार होती, आणि तिन्ही झणझणीत. पण आठदा 'नंतर' म्हटलेलं त्यांना मोजता येत होतं. मोजण्यात त्या कधी खोटं बोलत नाहीत.

"टाका मात्र भारी घातलात," त्या म्हणाल्या. "माझ्या डोळ्यांना सापडला नाही, म्हणजे बघा."

"बोटाला जाणवू नये म्हणून दोरा आत मुडपला होता," सासूबाई नाक ओढत म्हणाल्या. "तरी जाणवला तुला."

वायर काढली, जखम बुजवली, सेन्सर परत बसवला. स्कॅनरवर एकोणनव्वद. प्लग काजळीने काळेकुट्ट झाले होते, ते मिस्त्रीने घासून लावले. इंजिन फुरफुरलं, दोनदा शिंकलं आणि रविवारसारखं चालू लागलं. घड्याळात एक वाजून गेला होता.

"चला, तयार," मिस्त्री म्हणाला.

"काटा?" सासूबाईंनी विचारलं.

"आई, काटा नंतर..." मिस्त्रीने बायकोचा चेहरा पाहिला आणि वाक्य गिळलं.

"जुन्या इंजिनाचा सेन्सर काढा," मीटरबाई म्हणाल्या. "एका सेन्सरवर दोघांनी संसार करायचा नाही. कॉम्प्युटरचा कॉम्प्युटरला, काट्याचा काट्याला. नव्या इंजिनाला पाण्याच्या वाटेवर एक जास्तीचं भोक आहे, बूच मारलेलं. तिथे बसेल."

आटे जुळेनात. मिस्त्रीने मग लेथवर पितळेचा तुकडा चढवला, बाहेरून एक आटे, आतून दुसरे, आणि आयुष्यात पहिल्यांदाच वायरिंगच्या कामात त्याला घाम न फुटता मजा आली. काट्याची स्वतंत्र वायर ओढली गेली. तिच्यावर टेप कुणी गुंडाळायचा हा प्रश्नच नव्हता; सासूबाई सुईदोरा घेऊन आधीच वाकल्या होत्या. तीन वाजून दहा मिनिटांनी काटा मधोमध येऊन थांबला.

तपासणीच्या आवारात सासूबाईंनी गाडी स्वतः आत नेली. तपासनिसाने त्यांना ओळखलं आणि आधीच रुमाल नाकाला लावला. नळी धुराड्यात घातली. मीटरबाई हाताची घडी घालून कुंपणाशी उभ्या, चेहऱ्यावर चिंता नावाला नाही. फक्त मीटरची दोन्ही टोकं मुठीत आवळलेली, हे शेजारी उभ्या नवऱ्यालाच दिसत होतं.

तपासनिसाने आकडा पाहिला, यंत्रावर टिचकी मारली, पुन्हा पाहिला. रुमाल खाली आला. "काय बदललंत?"

"काहीही नाही," मीटरबाई कुंपणावरून ओरडल्या. "एक वायर कमी केली."

शिक्का पडला. सासूबाईंनी कागद घेतला, नीट वाचला, तपासनिसाकडून एका अक्षराची खातरजमा करून घेतली, घडी घालून पर्समध्ये ठेवला. गाडी फाटकातून बाहेर आली. मिस्त्रीने दार उघडण्यासाठी हात पुढे केला. पण गाडी काही थांबली नाही. खिडकीतून एक हात बाहेर आला, हलला, आणि गाडी नदीच्या रस्त्याला लागली. धूर, बघा ना, दिसेल तर शपथ.

"अगं, आपल्याला विसरली की काय आई?"

"विसरल्या कसल्या! दोन महिने घरात अडकल्या होत्या. मैत्रिणीकडे गेल्या."

"मग आपण?"

"आपण चालायचं." मीटरबाईंनी मीटर गळ्यातून काढून त्याच्या गळ्यात घातलं. "आणि जाता जाता पार्टवाल्याच्या दुकानावरून जाऊ. मुद्दाम. सावकाश."