कपाळावरचं टिंब

कन्नडहून संध्याकाळी शहराकडं येणाऱ्या एसटीत एक शिक्षिका रोज माझ्याशेजारी बसायच्या. नाव मी कधी विचारलं नाही. बसल्या की त्या आधी चपला काढायच्या, मग खडूची बोटं रुमालाला पुसायच्या.

एक दिवस त्यांचं कपाळ मोकळं दिसलं. मी त्यांच्याकडं सरकले. हळूच विचारलं, "ताई, घरी सगळं ठीक ना?"

त्या हसल्या. "सगळं ठीक हाय ओ. सहावीला दशांशाची वजाबाकी चालू हाय. सहा पॉइंट पाचातून दोन पॉइंट तीन पाच घालवायचे, तर एक पोरगी पाचाखाली पाचच मांडायची. टिंब तिला दिसायचंच नाय. शेवटी माझी टिकली तिच्या वहीत टिंबाच्या जागी लावली. म्हणलं, आता ह्याच्या खाली टिंब दे."

"आलं उत्तर?"

"चार पॉइंट एक पाच. पण टिकली परत देईना. आईला दाखवायचीय म्हणली."

"आता तुमच्या सासूबाई विचारतील."

"त्यांना बी हेच गणित सांगते," म्हणत त्या आपल्या थांब्यावर उतरल्या.

रस्त्यावरच्या दोघी-तिघी त्यांच्या कपाळाकडं वळून बघत होत्या. त्या मात्र मजेत चालल्या होत्या. माझा हात उगीच माझ्या टिकलीकडं गेला.