पिंपकाकूंनी भरलेला टब

पिंपकाकूंना रिकामं भांडं बघवत नसे. आईने त्यांच्याकडे इडल्या पाठवल्या, तर डबा परत येताना गळ्यापर्यंत पाण्याने भरलेला यायचा, झाकण घट्ट लावून. इतर लोक शेजारच्यांचा डबा परत करताना चिमूटभर साखर घालतात. काकू पाणी घालायच्या, कारण डोंबिवलीच्या आमच्या इमारतीत पाण्याची मारामार होती; साखर निदान दुकानात तरी मिळायची.

त्यांच्या बाहेरच्या खोलीत एक निळं पिंप होतं. त्यावर पाट, पाटावर क्रोशाचा रुमाल आणि रुमालावर फोन. फोन वाजला की नव्या पाहुण्याला वाटायचं, टेबलच आहे. नळाला पाणी यायचं पहाटे, तेही पाणी सोडणाऱ्याच्या मर्जीने, करंगळीएवढ्या धारेने, की भरता भरता सकाळ व्हायची. लग्न होऊन या घरात आल्यापासून काकू एकदाही उजाडेपर्यंत झोपलेल्या नव्हत्या. हे मी कौतुकाने सांगत नाहीये. एका बाईची सगळी उमेद नळाखाली बादली धरण्यात जाते आणि शहर त्याला गृहिणीचा नेटकेपणा म्हणतं, याची मला तेव्हाही चीड होती, आजही आहे.

तेव्हा आमची पाणी समिती होती. मी तिची पत्रकं लिहायची. "जाहीर निषेध!", "जाब विचारा!", "नागरिकांनो, जागे व्हा!" काकू आधीपासूनच जाग्या असायच्या, त्यामुळे या शेवटच्या वाक्याचा त्यांच्यावर काही परिणाम झाला नाही. पत्रक मात्र त्या आवडीने मागून घ्यायच्या आणि स्वयंपाकघरातल्या फळ्यांवर अंथरायच्या. "तुझा कागद जाड असतो गं. तेलाचा डाग पलीकडे जात नाही." त्यांच्या घरात निषेध खाली आणि लोणच्याच्या बरण्या वर, अशी व्यवस्था होती.

मोर्च्याला चला म्हटलं की म्हणायच्या, "अगं, तुमचा मोर्चा सकाळी, पाणीही सकाळीच. मी पाण्यासाठी मोर्च्यात आले तर पाणी कोण भरणार?"

काका एमआयडीसीतल्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळायचे. ते निवृत्त झाले आणि दोघांनी एकदम जाहीर केलं, की आम्ही बँकॉकला जाणार. इमारत हादरली. विठ्ठलवाडीला बहिणीकडे जायचं तरी रिक्षाऐवजी पायी निघणारी ही माणसं! ठाण्याच्या एका टूरवाल्याची सगळ्यांत स्वस्त सहल होती, जेवण वगळून. "जेवण काय, ते इथेही लागतंच," काका म्हणाले. दशम्या, मेतकूट, गूळपापडी, भाजलेला रवा, लसणीची चटणी, असं करत बॅगेत कपड्यांना जागा उरली नाही. तेव्हा काकांनी विमानात तीन शर्ट एकावर एक घालून जायचं ठरवलं आणि गेले.

निघताना काकूंनी घराची किल्ली माझ्या हातात ठेवली. "पिंप भरत जा गं रोज."

"काकू, घरात कोणीच नाही. पाणी कोणासाठी?"

"घर आहे ना," त्या म्हणाल्या.

भरलं मी. पहाटे उठून, शिव्या देत.

परत आल्यावर जिन्यात बसून त्यांनी सगळ्या इमारतीला बँकॉक सांगितलं. राजवाडा त्यांनी बाहेरून पाहिला. काकांचं मत असं, की राजवाडा बाहेरूनच दिसतो, आत नुसत्या खोल्या असतात. नदीतल्या लोकांच्या ये-जा करायच्या होडीचं त्यांनी तिकीट काढलं आणि दिवसभर उतरलेच नाहीत. टोकापर्यंत, परत, पुन्हा टोकापर्यंत. "उतरलो असतो तर परत तिकीट," काका म्हणाले. "आणि होडीवालाही शेवटी शेवटी आपल्याला हात करायला लागला."

पण खरी गोष्ट होती टबाची. हॉटेलात शिरल्याबरोबर काकूंनी नळ सोडला. पाणी आलं, तेही धो धो. दुसरं कोणी असतं तर अंघोळ केली असती. काकूंनी टब काठोकाठ भरला. मग बर्फाची बादली, पेले आणि कचऱ्याचा डबासुद्धा धुऊन भरला.

"मी सांगत होतो," काका म्हणाले, "हॉटेलात चोवीस तास पाणी असतं."

"असतं म्हणजे आज आहे," काकू म्हणाल्या.

खोली साफ करणारी मुलगी आली आणि तिने टबाचं बूच काढलं. ही दोघं संध्याकाळी परतली तर टब कोरडा! काकूंनी तो पुन्हा भरला. दुसऱ्या दिवशी मुलीने पुन्हा सोडला. तिला वाटलं असेल, ही माणसं अंघोळ करतात आणि पाणी सोडायला विसरतात. काकूंना वाटलं, ही मुलगी आपल्यावर पाळत ठेवून आहे. मग काकू बाहेर जाताना टबाच्या काठावर आपली ओली साडी पसरून ठेवायला लागल्या, म्हणजे खाली काही भिजत घातलंय असं वाटावं. ही युक्ती चालली.

आणि मग एका सकाळी त्या हॉटेलचं पाणी गेलं.

"पंप बिघडला," काका म्हणाले.

"गेलं," काकू म्हणाल्या, आणि त्यांच्या आवाजात मला तरी समाधान ऐकू आलं. "बाहेर आरडाओरडा. दार उघडलं, तर एक गोरा धिप्पाड माणूस, नुसता टॉवेल गुंडाळलेला, डोक्यावर फेस, डोळे मिटलेले. भिंत चाचपत चाललेला. मी म्हटलं, ये रे बाबा."

बातमी पसरायला किती वेळ लागतो? मजल्यावरची माणसं पेले, थर्मास, फुलदाण्या घेऊन दारात. काकूंनी पदर खोचला. "लाईन लावा! एकाला एकच!" मराठीत. सगळ्यांना समजलं. एका माणसाने दुसरी फुलदाणी पुढे केली, तर काकू कडाडल्या, "ए, घरचा एकच माणूस!" त्याने निमूट मागे घेतली. शेवटी ती साफसफाईची मुलगी आली, रिकामी बादली घेऊन, मान खाली घालून. "तिला मात्र दोनदा दिलं," काकू म्हणाल्या. "तिला अख्ख्या मजल्याच्या मोऱ्या धुवायच्या होत्या."

इथपर्यंत सगळा जिना हसत होता. मग काकू थांबल्या.

"दुपारी मॅनेजर आला. दर खोलीच्या दाराशी जात होता. आमच्या दाराशी आला, हात जोडले आणि वाकला. माझ्यासमोर. कोट घातलेला माणूस."

"हिला वाटलं, त्याच्या घरी कोणी गेलं," काका म्हणाले.

"खरंच वाटलं. मी म्हटलं, असू द्या, असू द्या. गूळपापडी दिली त्याला. मग यांनी सांगितलं," त्यांनी काकांकडे बोट केलं, "की तो पाणी गेल्याची माफी मागतोय. अगं, एक सकाळ गेलं होतं. एक सकाळ!"

मी भडकले. "आणि तुम्ही असू द्या म्हणालात? काकू, असू द्या म्हणून म्हणून तर आपलं हे झालंय!"

"हो ना," काकू म्हणाल्या. एवढंच.

त्या आठवड्यात पाणी भरून झाल्यावर त्या पाण्याच्या ऑफिसात गेल्या. बरोबर मी. साहेबांनी मला, म्हणजे समितीला, पाहून नेहमीचं सुरू केलं: नवी लाईन टाकतोय, फोर्स वाढवतोय, तुमची गल्ली यादीत घेतलीय.

"ते करा हो," काकू म्हणाल्या. "आधी माफी मागा."

"कशाची?"

"पाण्याची. इतक्या वर्षांची. एकदा हात जोडून म्हणा, की मी जाते."

साहेबांचा चेहरा पाहण्यासारखा झाला. आमच्या पत्रकांत डझनभर मागण्या असायच्या आणि ते सगळ्यांना हो म्हणायचे. याला मात्र हो म्हणता येईना. "बाई, असं कुठे असतं का?"

"बँकॉकला असतं," काकू म्हणाल्या आणि बाकावर बसल्या.

त्या दर आठवड्याला जाऊन बसू लागल्या. पिशवीत भरलेली बाटली आणि निवडायला भाजी. शिपाई त्यांना "आल्या बँकॉकच्या काकू" म्हणायचा. एका उन्हाळ्यात त्या ऑफिसातलंच पाणी गेलं. चहा नाही, कूलर कोरडा. साहेब केबिनमधून दोनदा डोकावले, तिसऱ्यांदा सरळ बाकाशी आले. काकूंनी बाटली पुढे केली. साहेब ती तळापर्यंत प्यायले. "सॉरी हं काकू, संपलंच सगळं."

काकू हरखल्या. "बघ, म्हणाला!"

"काकू, ती बाटलीची सॉरी होती!" मी रस्त्यात ओरडले.

"मला कळत नाही होय गं? पण तोंड उघडलं ना त्याचं. आता बाकीची येईल."

ती यायच्या आत त्यांच्या मुलाने घोडबंदर रोडला नव्या टॉवरमध्ये घर घेतलं. चोवीस तास पाणी, असं फाटकावरच मोठ्या अक्षरांत रंगवलेलं. ट्रक भरला. निळं पिंप काकूंनी नेलं नाही. किल्लीसारखंच माझ्या हवाली केलं, भरून. हमालाने ते रिकामं करून आमच्याकडे सरकवायचं म्हटलं, तर त्याला म्हणाल्या, "रिकामं देतात का कोणी?" चौघांनी मिळून ते आमच्या दारात आणलं. निम्मं जिन्यात सांडलं. काकूंनी त्या पाण्याने जिना पुसून घेतला आणि मगच ट्रकमध्ये चढल्या.

पुढच्या उन्हाळ्यात गल्लीचं पाणी आठवडाभर गेलं. मी ऑफिसात जाऊन काकूंच्या बाकावर बसले. पिशवीत ताजी पत्रकं, डोक्यात भाषण तयार. साहेब बाहेर आले, बाकाकडे बघून दचकले.

"काकू कुठायत?"

"घोडबंदरला गेल्या राहायला."

"अच्छा." त्यांना हायसं वाटेल असं मला वाटलं होतं. ते तसेच उभे राहिले. मग इकडेतिकडे पाहून त्यांनी हात जोडले. "पाण्याचं माफ करा हो. त्यांनाही सांगा."

माझं भाषण होतं. जाब होता, निषेध होता. आणि माझ्या तोंडून काय निघालं? "असू द्या, असू द्या."

घरी येऊन मी फोन लावला. काकूंनी सगळं दोनदा सांगायला लावलं.

"हात नीट जोडले का? की आपलं नमस्कारासारखं?"

"नीट जोडले."

"आणि तू काय म्हणालीस?"

मी सांगितलं. पलीकडे काकू एवढ्या हसल्या की काकांनी मागून "काय झालं, काय झालं" सुरू केलं. हसू थांबल्यावर मला धारेचा आवाज ऐकू आला, बादलीत पडणाऱ्या.

"काकू, नळ चालू राहिलाय तुमचा."

"राहिला नाही गं. भरतेय."

"अहो, तिथे चोवीस तास असतं ना पाणी?"

"हो, असतं की," काकू म्हणाल्या. "आज आहे."