वहीत बियर हा शब्द नव्हता

वही दोनशे पानी होती, निळ्या पुठ्ठ्याची, आणि तिच्यात एकेचाळीस बियरींची नोंद होती. बियर हा शब्द मात्र तिच्यात एकदाही आलेला नव्हता. प्रत्येक नोंदीला क्रमांक असे. मग रंग, फेस किती वेळ टिकला, वास, पहिल्या घोटाची चव, घोट गेल्यावर जिभेवर काय उरलं, आणि बाटली कितपत थंड होती. सगळं इंग्रजीत. आमच्या घरात इंग्रजी वाचणारा मी एकटाच होतो, त्यामुळे कुलपाची गरज पडली नाही.

सत्तरचं दशक संपत आलं होतं. मी नागपुरात सदर भागातल्या एका सरकारी कचेरीत कारकून होतो. धंतोलीत एका दवाखान्याच्या वरच्या खोलीत माझा एक मित्र भाड्यानं राहायचा. तो औषधांच्या कंपनीचा फिरता प्रतिनिधी, महिन्यातले वीस दिवस गाडीत. नागपुराहून गाड्या चारी दिशांना जातात. त्यामुळे कधी बंगलोरची, कधी हैदराबादची, कधी कलकत्त्याची बाटली टॉवेलात गुंडाळून त्याच्या बॅगेतून यायची. त्याच्याकडे दारूचा परवाना होता. प्रकृती सांभाळण्यासाठी या इसमाला मद्याची गरज आहे, असं त्यात सरकारनं गांभीर्यानं नमूद केलं होतं. हा इसम रोज सकाळी शंभर जोर मारायचा.

रविवारी दुपारी आम्ही बाटली उघडायचो. बियर टिकावी म्हणून तिच्यात ग्लिसरीन घालतात, असं तेव्हा सगळेच मानत. म्हणून उघडलेल्या बाटलीचं तोंड अंगठ्यानं दाबून ती पाण्याच्या ग्लासात उलटी धरायची. जडसर काहीतरी खाली उतरताना दिसे आणि आम्ही दोघं जाणत्यासारखे मान हलवायचो. ते ग्लिसरीन होतं की बियरच होती, हे मी आजही शपथेवर सांगणार नाही. मग अर्धी अर्धी बाटली, आणि संध्याकाळी बडीशेप चघळत घरी येऊन तासभर लिहिणं. मला पिण्यापेक्षा लिहिणं जास्त आवडतं, असं मी स्वतःला सांगत असे.

आमचं घर उत्तर नागपुरात, गिरणी कामगारांच्या वस्तीत. छप्पन्न साली घरानं दीक्षा घेतली तेव्हा मी पाच वर्षांचा होतो. त्याआधीचे बाबा मला आवाजांनीच आठवतात: दाराची कडी, आपटलेलं पातेलं, आणि आईचं बोलता बोलता एकदम गप्प होणं. गिरणी सुटली की ते आधी हातभट्टीवर जायचे आणि मग घरी यायचे. दीक्षेच्या मैदानावर त्यांनी सगळ्यांबरोबर प्रतिज्ञा घेतल्या. त्यांत एक दारू न पिण्याची होती. त्या दिवसापासून त्यांनी थेंब घेतला नाही. प्रतिज्ञा घेणारी माणसं मी कचेरीत दरवर्षी पाहायचो. हात पुढे करून, मोठ्यानं, साहेबांच्या मागोमाग. घेतलेली प्रतिज्ञा पाळणारा माणूस मी एकच पाहिला आणि तो आमच्या घरात होता.

चाळिशीत रात्रीच्या वर्गाला जाऊन ते मराठी वाचायला शिकले. गिरणीतून निवृत्त झाल्यावर दर रविवारी दुपारी वस्तीत दारोदार जाऊन पिणाऱ्यांना समजावायचे. लोक चिडायचे, पण ऐकायचे. कारण प्रत्येक दारात ते म्हणत, ‘‘माह्या घरात थेंब नाही. येऊन पाहा.’’ त्याच वेळी मी धंतोलीत ग्लास उजेडासमोर धरून फेस मोजत असे.

एका बुधवारी जेवताना बाबा म्हणाले, ‘‘तुही निळी वही मी पेटीत ठेवली गा.’’

माझा घास हातातच राहिला. ‘‘कोणती?’’

‘‘थेच. रविवारी येऊन तू लिवतं थे. विहारात दाखवाची हाये.’’

विहारात मुलांसाठी अभ्यासिका सुरू होणार होती. उद्घाटनाला शिक्षण खात्यातले एक निवृत्त अधिकारी येणार होते. समितीच्या बैठकीत बाबांनी सांगितलं होतं की माझा पोरगा नोकरी करूनही दर रविवारी तासभर इंग्रजीत लिहितो. समितीनं ठरवलं, ती वही पाहुण्यांच्या हस्ते मुलांना दाखवायची.

‘‘त्याले इचारलं तरी का?’’ आई म्हणाली. ‘‘त्याची वही हाये.’’

‘‘इचाराचं का त्यात? विद्या का लपवाची वस्तू हाये?’’

पेटीला कुलूप होतं आणि किल्ली बाबांच्या बंडीच्या खिशात. गुरुवारी मी सदरमधून तशीच निळी वही आणली आणि कचेरीत बसून तिच्यात सेवानियमांची अकरा पानं उतरवली. दोन्ही वह्यांची अदलाबदल कुठं आणि कशी करायची, हे बारावं पान आलं तरी मला सुचलं नाही. शुक्रवारी मित्राकडे गेलो.

‘‘सोपं आहे यार,’’ तो म्हणाला. ‘‘म्हण, कचेरीची गोपनीय वही आहे. दाखवली तर नोकरी जाईल.’’

‘‘बाबा युनियनमध्ये होते. गोपनीय म्हटलं की ते आधी उघडतील.’’

‘‘मग गप्प बस. कशाबद्दल आहे ते तू लिहिलंयस कुठं? कोणाच्या बापाला कळणार आहे?’’

‘‘माझ्याच बापाला कळू नये म्हणून तर तसं लिहिलं.’’

‘‘मग घाबरतोस कशाला?’’

मला पकडले जाण्याची भीती होती, पण त्याहून मोठी गोष्ट वेगळी होती. सभेतल्या एकाला जरी ते कळलं, तर बाबा ज्या ज्या दारात आजवर गेले होते त्या प्रत्येक दारात ते खोटे ठरणार होते. आणि त्यांना स्वतःला ते सगळ्यांच्या शेवटी कळणार होतं.

रविवारी सकाळी आम्ही दोघं निघालो. विहार दहा मिनिटांवर. बाबांनी पांढरा सदरा घातला होता आणि वही पांढऱ्या रुमालात बांधून छातीशी धरली होती. पिठाच्या गिरणीपर्यंत मी वाक्य जुळवत होतो. पुढे रस्ता संपत आला.

‘‘बाबा, ती वही अभ्यासाची नाही.’’

‘‘मंग?’’

‘‘बियरची आहे.’’

ते चालतच राहिले. ‘‘बियर म्हंजे?’’

म्हणजे काय ते त्यांना माहीत होतं. ‘‘दारू,’’ मी म्हणालो. बियर सौम्य असते वगैरे मला सांगता आलं असतं. त्या रस्त्यावर तो फरक टिकला नसता.

वस्तीच्या नळाशी ते थांबले. ‘‘तू पेतं?’’

‘‘रविवारी. अर्धी बाटली.’’

‘‘अन् लिवतं का त्यात?’’

‘‘चव कशी होती ते.’’

नळ गळत होता. त्यांनी तो पिळून बंद केला, तरी गळतच राहिला. ‘‘इतकी वर्सं पेलो मी,’’ ते म्हणाले. ‘‘चव का होती, थे मले आजबी सांगता येनार नाही.’’

पुढं काय बोलणार होते कोण जाणे. समितीचे सचिव समोरून हात हलवत आले. ‘‘चला काका, पाहुणे येऊन बसले!’’ बाबा त्यांच्यामागे गेले. रुमाल अजून छातीशीच होता.

वंदना बाबाच सांगायचे. ते एकेक शील म्हणत आणि सगळे मागून म्हणत. चौथ्याला, खोटं न बोलण्याच्या शीलाला, माझा आवाज होता. पाचवं मद्याचं. त्याला माझे ओठ उघडलेच नाहीत. याला प्रामाणिकपणा म्हणता येणार नाही, आवाजच फुटला नाही. शेजारच्या माणसानं माझ्याकडे पाहिलं. बाबांच्या आवाजात काही फरक पडला नाही.

पाहुण्यांना तीन हार आणि एक शाल मिळाली. भाषणात त्यांनी विद्येला ओळीनं दिवा, नदी, तलवार आणि शिडी म्हटलं. शिडीवर टाळ्या आल्या म्हणून ते बराच वेळ तिथंच थांबले. मग सचिवांनी बाबांच्या मांडीवरचं रुमालाचं बोचकं उचललं आणि टेबलावर नेऊन सोडलं. मी बसल्या जागी दाराचं अंतर मोजलं.

पाहुण्यांनी चष्मा लावला, मधलंच एक पान उघडलं आणि खणखणीत इंग्रजीत वाचायला लागले. क्रमांक सतरा. रंग फिका पिवळा. फेस दोन मिनिटांत विरतो. वास ओल्या पोत्यासारखा. शेवटी लोखंडाची चव. सभागृहात कोणालाच काही कळत नव्हतं, आणि म्हणूनच सगळे फार आदरानं ऐकत होते. एक पान, दुसरं पान. पाहुण्यांनी चष्मा काढला.

‘‘ओळखा पाहू, हे काय आहे?’’

मी पुन्हा दाराकडे पाहिलं.

‘‘रसायनशास्त्र!’’ पाहुणे गरजले. ‘‘द्रवांचे गुणधर्म! रंग, गंध, तापमान! या मुलानं जिभेचीही पर्वा केलेली नाही! सहा दिवस नोकरी आणि सातव्या दिवशी प्रयोगशाळा!’’

टाळ्या पडल्या. आधीच्या सगळ्या टाळ्यांहून मोठ्या. पुढच्या ओळीतली मुलं वळून माझ्याकडे पाहायला लागली. मी सुटलो होतो. बाबांचं घर शाबूत होतं. मला फक्त मान खाली घालून बसायचं होतं आणि ते काम मला चांगलं जमतं.

बाबा उभे राहिले.

‘‘साहेब, थे रसायन नाही.’’

‘‘पाहा!’’ पाहुणे सभेला म्हणाले. ‘‘वडिलांचा विनय पाहा!’’

‘‘इनय नाही साहेब. थे दारूचं हाये. बियर का म्हंतेत थे. माह्या पोट्ट्यानं येताना मले सांगतलं.’’ ते सभेकडे वळले. ‘‘आत्ताच आपन सारे चौथं शील म्हनलो. मी गप बसलो तर थे गेलं.’’

आणि ते खाली बसले.

मागे कोणीतरी हसलं आणि लगेच खोकलं. पाहुण्यांनी वही मिटली, बोटं शालीला पुसली आणि अभ्यासिका सुरू झाल्याचं जाहीर करून टाकलं. बाहेर चपला घालताना सचिव बाबांच्या कानाशी आले. ‘‘काहून बोल्ले काका? चाललं होतं ना सारं!’’

‘‘चाललं होतं म्हनूनच.’’

घरी आईला सांगावं लागलं नाही. बातमी आमच्या आधी पोचली होती. ती चुलीपुढून उठली नाही. ‘‘वास कसा नाही आला मले,’’ एवढंच ती म्हणाली, आणि ते माझ्याशी नव्हतं. वही बाबांनी माझ्या फळीवर परत आणून ठेवली. पेटीत नाही. आठवडाभर नळावर पोरं विचारायची, ‘‘काका, आज कोन्ता नंबर?’’ बाबा बादली भरून निमूट परत यायचे. माझ्याशी ते जेवण, पाणी, दिवा यांपलीकडे बोलले नाहीत.

पुढच्या रविवारी दुपारी मी घरीच होतो. बाबांनी चपला घातल्या.

‘‘आज नका जाऊ जी,’’ आई म्हणाली.

ते मला म्हणाले, ‘‘चाल.’’

पहिलंच घर एका विणकराचं. तो दोन वर्षं बाबांना चुकवत होता. त्या दिवशी मात्र अंगणात खाट टाकून तो वाट पाहत असल्यासारखा बसला होता आणि तोंडाला वास होता.

‘‘या काका, या! अगोदर आपलं घर झाडा, मंग लोकायचं आंगन!’’

‘‘थेच करून रायलो,’’ बाबा म्हणाले. ‘‘म्हनून याले संग आनला.’’

विणकर हसला आणि मग मजेत माझ्याकडे वळला. ‘‘का गा, साहेब लोकायची दारू कशी रायते? चांगली रायते?’’

बाबा रस्त्याकडे पाहत होते. माझं काय उत्तर येतं याची त्यांना कल्पना नव्हती आणि मलाही नव्हती.

‘‘एकेचाळीस प्यायलो,’’ मी म्हणालो. ‘‘त्यातल्या सहा चांगल्या होत्या.’’

‘‘अन् बाकीच्या?’’

‘‘त्याही प्यायलोच.’’

त्याचं हसू थांबलं. त्यानं खाटेवरची गोधडी बाजूला सारून जागा केली, आणि बाबा बसले.